तार, टेलिफोन आणि काफ्का: न पोचलेल्या निरोपांची जुनी गोष्ट

अ‍ॅब्सर्ड, म्हणजे जगण्याचा अर्थच लागत नाही असं दाखवणाऱ्या, कथा-कादंबऱ्यांबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात हमखास एक वाक्य भेटतं, की दोन महायुद्धांनी माणसाचा देवावरचा, बुद्धीवरचा आणि भाषेवरचा विश्वास उडाला, माणसं एकमेकांना तुटली आणि त्यातनं हे साहित्य आलं. चूक नाहीये ते, पण फार ढोबळ आहे, आणि तारखा लावून बघितल्या तर जुळतही नाही. प्रागच्या फ्रान्झ काफ्कानं 'मेटॅमॉर्फोसिस', म्हणजे रात्रीत किडा झालेल्या माणसाची गोष्ट, लिहिली १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू व्हायलाच दीड वर्ष होतं. रशियन लेखक गोगोलची 'नाक' ही कथा तर १८३६ ची. मग युद्ध व्हायच्या आधीच ह्या लोकांना हे सगळं सुचलं कुठनं?

मला विचाराल तर ह्याचं उत्तर तत्त्वज्ञानात थोडं आणि सरकारी ऑफिस, टपाल, तार, टेलिफोन ह्यांच्यात बरंच जास्त सापडतं. कारण नीट बघा, ह्या कथांमधली माणसं गप्प बसलेली नसतातच मुळी. भरपूर बोलतात, पत्रं लिहितात, अर्ज करतात, फोन लावतात, पोरांच्या हाती निरोप धाडतात, घोटाळा होतो तो मधल्या वाटेत. आणि ही मधली वाट, म्हणजे खिडकीमागचा कारकून, टेलिफोन एक्स्चेंज, फाईल, पाकीट, ही एकोणिसाव्या शतकात जशी वाढत गेली तशा ह्या कथाही वाढत गेल्या.

गोगोलपासून सुरुवात करू. रशियाची तेव्हाची राजधानी पीटर्सबर्ग म्हणजे कारकुनांचं शहर. पीटर द ग्रेटनं १७२२ मध्ये सरकारी नोकरांच्या १४ पायऱ्या ठरवून दिल्या होत्या आणि कोणी कोणाला काय म्हणून हाक मारायची ते त्या पायरीवर ठरायचं. अशा शहरात कोवाल्योव्ह नावाचा आठव्या पायरीवरचा माणूस सकाळी उठतो तर नाक जागेवर नाही. मग ते नाक त्याला भर रस्त्यात बग्गीतनं उतरताना दिसतं, आणि अंगावर युनिफॉर्म कोणता, तर ह्याच्यापेक्षा तीन पायऱ्या वरचा! हा बिचारा घाबरत घाबरत जवळ जाऊन सांगायचा प्रयत्न करतो की साहेब, आपण माझे आहात, तर नाक म्हणतं मला काही कळलं नाही, आणि तुमच्या कोटाची बटणं बघता तुमचं खातं वेगळं दिसतंय, आपला संबंध येतो कुठे. मग कोवाल्योव्ह पेपरच्या ऑफिसात जातो जाहिरात द्यायला, नाक हरवलंय म्हणून. तिथला कारकून आधी समजतो की नाक हे कुणाचं तरी आडनाव असणार, मग कळल्यावर म्हणतो अशी जाहिरात छापली तर पेपरची अब्रू जाईल, आणि शेवटी दया येऊन काय करतो, तर तपकिरीची डबी पुढे करतो. नाक नसलेल्या माणसापुढे. कारकून दुष्ट नाहीये, त्याला खरंच वाईट वाटलंय, फक्त सहानुभूती दाखवायची त्याची जी नेहमीची पद्धत आहे ती नेमकी ह्या माणसाला लागू पडत नाही. पुढच्या शंभर वर्षांतलं निम्मं अ‍ॅब्सर्ड त्या डबीत आहे असं मला वाटतं.

१८५३ मध्ये अमेरिकेत मेलव्हिलनं बार्टल्बीची गोष्ट छापली. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या ऑफिसात कागद नकलून काढणारा हा माणूस एक दिवस कामाला नम्रपणे नाही म्हणायला लागतो आणि मग हळूहळू सगळ्यालाच. कारण कधीच सांगत नाही. शेवटी वकिलाच्या कानावर एक उडती खबर येते की हा आधी वॉशिंग्टनला, ज्यांचे मालक सापडत नाहीत अशी पत्रं जिथे गोळा होतात त्या खात्यात नोकरीला होता. कुणाची अंगठी, कुणा उपाशी माणसासाठी धाडलेली नोट, कुणाला मागितलेली माफी, सगळं उशिरा आलेलं, आणि ते जाळायच्या आधी वर्गवारी करायचं ह्याचं काम. मेलव्हिल म्हणत नाही की म्हणून बार्टल्बी असा झाला. नुसती खबर सांगतो आणि गोष्ट संपवतो.

चेकॉव्हची १८८६ ची घोडागाडीवाल्याची कथा शाळा-कॉलेजात बऱ्याच जणांनी वाचलेली असेल. अ‍ॅब्सर्ड बिलकूल नाही ती, अगदी साधी वास्तववादी, पण ह्या इतिहासातनं तिला वगळता येत नाही. आयोनाचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय. बर्फात गाडी हाकताना तो एकेका गिऱ्हाइकाला सांगू बघतो. आणि त्याला नुसतं 'मुलगा वारला' एवढंच सांगायचं नाहीये, तर आजारी कसा पडला, जाताना काय बोलला, माती कशी झाली, हॉस्पिटलातनं त्याचे कपडे आणायला गेलो तेव्हा काय झालं, सगळं क्रमानं सांगायचंय, आणि ऐकणाऱ्यानं मधे मधे हळहळायला हवंय. गिऱ्हाइकं म्हणतात गाडी नीट चालव. शेवटी तो तबेल्यात घोडीलाच सांगतो. ह्या कथेत कुठलीही अद्भुत गोष्ट नाही, पण एवढ्या मोठ्या शहरात दुःख सांगायला घोडी मिळते हे वाचून झाल्यावर किडा झालेल्या माणसाची गोष्ट फार लांबची वाटत नाही.

आता काफ्का. ह्याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीचे सगळे ह्याच्या नंतरचे आहेत.

काफ्का जन्मला ३ जुलै १८८३ ला प्रागमध्ये. शहर झेक बोलणारं, राज्य ऑस्ट्रिया-हंगेरीचं, घरची भाषा जर्मन, आणि धर्मानं ज्यू. म्हणजे झेक लोकांच्या लेखी जर्मन आणि जर्मनांच्या लेखी ज्यू. वडिलांचं फॅन्सी मालाचं दुकान, माणूस दणकट आणि मोठ्या आवाजाचा. मुलगा कायदा शिकला, १९०६ मध्ये डॉक्टरेट, आणि १९०८ पासून १९२२ ला पेन्शनीत निघेपर्यंत नोकरी एकाच ठिकाणी, बोहेमिया राज्याच्या कामगार अपघात विमा संस्थेत. हे ऑफिस म्हणजे त्याच्यावर कोसळलेली आपत्ती होती असं नेहमी लिहितात, त्यानं स्वतः तसं रडगाणं गायलंय हेही खरं, पण कामात तो चोख होता. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यानं लाकूड रंधणाऱ्या मशीनवर एक टिपण लिहिलंय, चौकोनी दांड्याचं मशीन कामगाराचं बोट कसं ओढतं आणि गोल दांडा बसवला तर ते कसं वाचतं, सोबत तुटलेल्या बोटांच्या आकृत्या. अत्यंत स्वच्छ, सरळ, थंड भाषा. हीच भाषा त्यानं कथांना वापरली. माणूस रात्रीत किडा झाला हे तो अपघाताचा पंचनामा लिहावा तसं लिहितो.

'मेटॅमॉर्फोसिस'मधला किडा नेमका कोणता, झुरळ की भुंगा, ह्यावर लोकांनी फार शाई घालवली आहे. मला त्यात रस नाही. त्या कथेत खरी भीती बसलीये ती दाराच्या प्रसंगात. फिरता विक्रेता ग्रेगोर साम्सा गाडी चुकवतो, आणि जाग येऊन तास होत नाही तोच ऑफिसचा वरिष्ठ घरी हजर. ग्रेगोर बंद दाराआडून एक लांबलचक, व्यवस्थित, मुद्देसूद भाषण करतो, तब्येत जरा बरी नव्हती, आठच्या गाडीनं निघतो, आईवडिलांना त्रास देऊ नका वगैरे. बाहेर शांतता. मग वरिष्ठ आईवडिलांना विचारतो, तुम्हाला एक शब्द तरी कळला का? तो जनावराचा आवाज होता म्हणतो. आणि आत ग्रेगोरला वाटतं आपण तर मघापेक्षाही स्पष्ट बोललो, कदाचित आपल्याच कानाला सवय झाली असेल. पुढे सगळी कथा ह्या एकाच गैरसमजावर चालते. ग्रेगोरला घरातलं प्रत्येक वाक्य कळतं, पण त्याचं बोलणं घरच्यांना कळत नाही म्हणून ते धरून चालतात की त्यालाही आपलं कळत नसणार, आणि मग त्याच्या देखत, त्याच्याबद्दल, काय वाट्टेल ते बोलतात. शेवटाकडे वडील एकदा म्हणतात, त्याला आपलं बोलणं कळत असतं तर... बहीण रडता रडता हात जोरात हलवते, छे, ते शक्यच नाही. वडील पुन्हा तेच म्हणतात आणि डोळे मिटून घेतात. तेवढा एकच क्षण कुणाच्या तरी मनात शंका येऊन जाते आणि तीही बाजूला पडते.

आपल्याकडे ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं, वाचा गेलेलं म्हातारं माणूस होतं त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी, १९१२ च्या ऑगस्टमध्ये, मित्र माक्स ब्रोडच्या घरी काफ्काची गाठ फेलिस बाउअरशी पडली. ती बर्लिनला एका कंपनीत होती, कंपनी डिक्टेशनची यंत्रं विकायची, म्हणजे साहेबानं नळीत बोलायचं, ते नोंदलं जाणार, टायपिस्टनं नंतर ऐकून टाईप करायचं. हा प्रागला, ती बर्लिनला, पाच वर्षं पत्रं, पाचशेच्या वर पत्रं, दोनदा साखरपुडा आणि लग्न शेवटपर्यंत नाही. १९१३ च्या एका पत्रात तो तिला तिच्या धंद्यासाठी आयडिया सुचवतो. बाकीच्या सगळ्या व्यावहारिक आहेत पण एक मासलेवाईक, की टेलिफोनला हे यंत्र जोडलं तर? मग बर्लिनमध्ये यंत्र फोनवर येईल आणि प्रागमध्ये ग्रामोफोन येईल आणि ते दोघं आपापसात गप्पा मारतील. गंमत म्हणून लिहिलंय, पण आज दोन बाजूंची ऑटोमॅटिक उत्तरं एकमेकांना 'आपला संदेश मिळाला' म्हणत बसतात ते बघितलं की ही गंमत फार पुढची होती असं वाटतं.

ह्याची पुरी किंमत त्यानं वसूल केली ती 'द कॅसल' कादंबरीत. के. नावाचा माणूस गावात येतो, म्हणतो मला किल्ल्यानं मोजणीदार म्हणून बोलावलंय. फोन लावतो तर रिसीव्हरमधनं गुणगुण ऐकू येते, असंख्य लहान मुलांनी लांबून गावं तशी. पुढे गावचा प्रमुख अंथरुणात पडल्या पडल्या त्याला खुलासा करतो, की अहो, किल्ल्याशी आपली ठराविक अशी फोनलाईनच नाही, मधे एक्स्चेंज नाही, इथनं फोन केला की तिथल्या खालच्या सगळ्या खात्यांत घंटा वाजते, म्हणजे वाजली असती, पण जवळजवळ सगळ्यांनी घंटा बंद करून ठेवलीये, कधीतरी रात्री दमलेला अधिकारी विरंगुळा म्हणून घंटा चालू करतो आणि मग उत्तर येतं, पण ते उत्तर म्हणजे निव्वळ थट्टा. त्याच भेटीत मोजणीदाराच्या नेमणुकीच्या फाईलीची कथा निघते. ती एका खात्यातनं निघाली, गावानं कळवलं की मोजणीदार नको, पण ते उत्तर चुकून दुसऱ्याच खात्यात गेलं आणि तेही नुसतं कव्हर, आतला कागद वाटेत कुठे गळला देव जाणे. प्रमुखाची बायको कपाट उघडून तो कागद शोधते, गठ्ठेच्या गठ्ठे जमिनीवर सांडतात, मग ते सगळं परत कोंबून दार लावायला माणसं कपाटावर बसतात. तहसील कचेरीत सात-बाराच्या नोंदीसाठी फेऱ्या मारलेल्या माणसाला हे अ‍ॅब्सर्ड वाटेल की बातमी वाटेल हा प्रश्नच आहे.

ही कादंबरी त्यानं १९२२ मध्ये लिहायला घेतली आणि अर्धवट सोडली. त्याच वर्षी मिलेना येसेन्स्का ह्या मैत्रिणीला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो की पत्रानं पाठवलेली चुंबनं पोचतच नाहीत, वाटेतली भुतं ती पिऊन टाकतात. माणसानं माणसाजवळ जाता यावं म्हणून रेल्वे काढली, मोटार काढली, विमान काढलं, पण समोरची बाजू ताकदवान, तिनं टपालानंतर तार काढली, टेलिफोन काढला, बिनतारी काढली. मला वाटतं अ‍ॅब्सर्ड साहित्याचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात प्रामाणिक जाहीरनामा हाच, आणि तो एका खाजगी पत्रात आहे.

वडिलांना त्यानं १९१९ मध्ये एक पत्र लिहिलं, हाताने लिहिलेली शंभरेक पानं, सगळं लहानपण मांडलेलं, माझी तुम्हाला भीती का वाटते ह्याचं वकिली थाटाचं उत्तर. ब्रोड सांगतो की ते त्यानं आईकडे दिलं, वडिलांना दे म्हणून. आईनं दिलं नाही, परत केलं. दोघंही एकाच शहरात राहत होते. आणि शेवटी १९२४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या सॅनेटोरियममध्ये क्षय घशात उतरला, डॉक्टरांनी बोलायची मनाई केली, तेव्हा शेवटचे आठवडे तो चिठ्ठ्यांवर लिहून बोलत होता, पाणी, फुलं, औषध, आणि उपाशी राहणाऱ्या कलावंताच्या कथेची प्रुफं तपासत होता. ब्रोडला मात्र त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं की माझं अप्रकाशित सगळं जाळ. हा एकच निरोप नीट पोचला, नीट कळला आणि मुद्दाम पाळला गेला नाही. म्हणून १९२५ ला 'द ट्रायल' आणि १९२६ ला 'द कॅसल' आपल्याला मिळाल्या.

रशियात तेव्हाच लेनिनग्राडला दानील खार्म्स लिहीत होता. त्याच्यावर थोडक्यात सांगतो, कारण त्याचा युरोपातल्या बाकीच्यांवर परिणाम व्हायचा प्रश्नच नव्हता, कुणी त्याला वाचलंच नव्हतं. हयातीत छापलं ते बहुतेक लहान मुलांसाठीचं. मोठ्यांसाठीच्या गोष्टी वहीत. एका अर्ध्या पानाच्या गोष्टीत एका लाल केसांच्या माणसाची ओळख करून देताना लेखक एकेक अवयव काढून घेत जातो, डोळे नव्हते, केसही नव्हते, तोंड नव्हतं म्हणून बोलता येत नव्हतं, आणि शेवटी म्हणतो मग आपण बोलतोय कुणाबद्दल, नकोच बोलायला. १९४१ मध्ये अटक, फेब्रुवारी १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तुरुंगाच्या मनोरुग्ण विभागात मृत्यू. मित्र याकोव्ह द्रुस्किननं त्याच्या रिकाम्या घरातनं हस्तलिखितांनी भरलेली सुटकेस बाहेर काढली म्हणून ते वाचलं, आणि नीट छापून यायला काही दशकं गेली.

त्याच १९४२ मध्ये पॅरिसमध्ये अल्जीरियात वाढलेला फ्रेंच लेखक अल्बेर काम्यू ह्याची 'द स्ट्रेंजर' ही कादंबरी आली आणि काही महिन्यांनी 'द मिथ ऑफ सिसिफस'. दुसऱ्या पुस्तकात काफ्कावर एक प्रकरण होतं, पण जर्मनांचा ताबा, काफ्का ज्यू, त्यामुळे ते काढून त्या जागी दोस्तोयेव्हस्कीच्या पात्रावरचं प्रकरण घालावं लागलं. काफ्काचं प्रकरण नंतर जोडलं गेलं.

'द स्ट्रेंजर' सुरू होते तीच तारेनं. वृद्धाश्रमातनं तार येते, आई वारली, उद्या अंत्यविधी. आज वारली की काल, ते तारेतनं कळत नाही आणि कादंबरीचा नायक म्यूर्सो ते तसंच सांगून टाकतो. लोकांना ह्यात त्याचा कोरडेपणा दिसतो. मला तर त्यात तार दिसते. शब्दाला पैसे, त्यामुळे तारीखही नाही, सांत्वनही ठराविक. आपल्याकडे २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली, त्याआधीच्या पिढीला विचारा, दारात तारवाला दिसला की पाकीट फोडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, मजकूर नंतर. म्हणजे तार पोचायची, पण त्यातला माणूस नाही.

पुढे म्यूर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो आणि खटला उभा राहतो, पण कोर्टात चर्चा कशाची, तर आईच्या प्रेताजवळ दुधाची कॉफी प्यायला, सिगारेट ओढली, रडला नाही, दुसऱ्या दिवशी फर्नांदेल ह्या नटाचा विनोदी सिनेमा बघितला. ह्यापेक्षा भारी एक बारकावा आहे जो बरेच लोक वाचताना सोडून देतात. त्याचा वकील भाषण करताना 'मी' म्हणून बोलायला लागतो, होय, मी माणूस मारला, मी असं केलं, मी तसं केलं. म्यूर्सो चमकून शेजारच्या पोलिसाला विचारतो हे काय, तर तो म्हणतो गप्प बस, सगळे वकील असंच करतात. म्हणजे ज्याचा जीव पणाला लागलाय त्याचा 'मी' सुद्धा दुसऱ्याच्या तोंडात.

हे काम्यूला कुठून आलं ते बघायला अल्जीयर्सच्या बेलकूर वस्तीत जावं लागतं. वडील १९१४ मध्येच युद्धात गेले, मुलगा वर्षाचाही नव्हता. घरात कडक आजी, जवळजवळ बहिरा-मुका मामा, आणि आई, तिला कमी ऐकू यायचं, बोलायची अगदी थोडं, लिहिता-वाचता येत नव्हतं, लोकांची घरं साफ करायची. मुलगा पुस्तकं लिहून १९५७ मध्ये नोबेलपर्यंत गेला आणि आई त्यातलं एक पान वाचू शकत नव्हती. ४ जानेवारी १९६० ला मोटार अपघातात तो गेला तेव्हा गाडीत एका अपूर्ण कादंबरीचं हस्तलिखित सापडलं, ते १९९४ ला छापलं. अर्पणपत्रिकेत आईला उद्देशून लिहिलंय की जिला हे पुस्तक कधीच वाचता येणार नाही तिला. तुटलेपणावर व्याख्यान देणाऱ्यांनी आधी ही ओळ वाचावी.

युद्ध संपल्यावर मात्र सगळं एकदम रंगमंचावर आलं. सॅम्युएल बेकेट आयरिश, पण लिहायला लागला फ्रेंचमध्ये. युद्धात तो पॅरिसमधल्या एका भूमिगत गटात होता आणि त्याचं काम बॉम्ब टाकायचं नव्हतं, तर ठिकठिकाणाहून येणारे खबरीचे तुकडे जुळवायचे, भाषांतर करायचे, आटोपशीर टाईप करायचे, मग त्याचे बारीक फोटो काढून ते लंडनला जायचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये कुणीतरी फितूर झालं, गट फुटला, बेकेट पळून दक्षिणेतल्या रुसियों गावात लपला. निरोप जुळवणाऱ्या ह्या माणसाच्या 'वेटिंग फॉर गोदो' ह्या नाटकात मग काय होतं, तर दोन भटके वाट बघतात आणि संध्याकाळी एक पोरगा निरोप घेऊन येतो, गोदो साहेब आज येणार नाहीत, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरगा येतो, तोच निरोप, आणि म्हणतो काल मी आलोच नव्हतो. ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात ह्याचा पहिला प्रयोग झाला.

नाटक सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या कादंबऱ्या कमी वाचल्या जातात, आणि मला त्यातला 'मोलॉय'मधला एक भाग कधीच विसरता येत नाही. मोलॉयची आई म्हातारी, बहिरी, आंधळी, डोकं ठिकाणावर नाही. तिच्याशी बोलायला तो तिच्या डोक्यावर टकटक करतो. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे माहीत नाही, चार म्हणजे पैसे, पाच म्हणजे येतो मी. आता म्हातारीला दोनाच्या पुढचं लक्षात राहत नाही, त्यामुळे चौथी टकटक होईस्तोवर तिला वाटतं दोनच झाल्या. मुलगा पैसे मागतोय आणि आईला ऐकू येतंय नाही. मग तो टकटक सोडून गुद्द्यांवर येतो. हे वाचताना हसू येतं, आणि हसल्याची लाज वाटते.

पुढे १९५८ च्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मध्ये ६९ वर्षांचा माणूस ३९ व्या वर्षी स्वतःच भरून ठेवलेली टेप ऐकतो आणि त्याला स्वतःचाच एक शब्द अडतो, डिक्शनरी काढून बघावी लागते. टेपरेकॉर्डर तेव्हा इतका नवा होता की तीस वर्षं जुनी टेप असणं पटावं म्हणून बेकेटला नाटकाचा काळ भविष्यातला ठेवावा लागला.

आयनेस्कोचं मूळ तर अजूनच साधं. रुमानियात जन्मलेला हा माणूस १९४८ मध्ये पॅरिसला इंग्रजी शिकायला म्हणून 'आसिमिल' कंपनीचं संभाषणाचं पुस्तक घेतो, त्यातली वाक्यं वहीत उतरवतो आणि त्याला साक्षात्कार होतो की आठवड्यात सात वार असतात आणि छत वर असतं. पुस्तकातली बाई नवऱ्याला सांगते आपल्याला मुलं किती आणि आपलं आडनाव काय, जसं काही त्याला माहीतच नाही. त्यातनं आलं 'द बाल्ड सोप्रानो', पहिला प्रयोग ११ मे १९५०. त्यात एक जोडपं लांबलचक चौकशीनंतर शोधून काढतं की अरेच्चा, आपण एकाच घरात, एकाच पलंगावर झोपतो, म्हणजे आपण नवरा-बायको असणार! खरं सांगायचं तर वाचताना ह्याची मजा लवकर ओसरते, प्रयोगच बघावा, आणि बघायची सोय अजून आहे, १९५७ पासून पॅरिसच्या ह्युशेत थिएटरात तो चालूच आहे. ह्या सगळ्यांना एका पेटीत घालून 'थिएटर ऑफ द अ‍ॅब्सर्ड' असं लेबल लावलं ते मार्टिन एस्लिननं, १९६१ च्या पुस्तकात. आयनेस्को आणि बेकेट दोघांनाही ते लेबल फारसं आवडलं नाही, पण चिकटलं ते चिकटलं.

मराठीत हे वारं साठच्या दशकात आलं. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, तिला सरसकट अ‍ॅब्सर्ड म्हणतात ते मला पटत नाही, पांडुरंग सांगवीकरचा बापाशी असलेला अबोला अगदी खानदेशी आणि खराखुरा आहे. जवळचा माणूस विलास सारंग. कारवारचा जन्म, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिणारा, सत्तरच्या दशकात इराकमध्ये बसऱ्याला शिकवायला गेलेला, 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी त्याच अनुभवातनं आलेली. परक्या देशात, परक्या भाषेत, पाळत ठेवणाऱ्या राजवटीत अडकलेला मराठी माणूस. सारंगांना काफ्का-बेकेट नुसते वाचून माहीत नव्हते, त्यांच्यासारखंच दोन भाषांच्या मधे उभं राहून लिहायची वेळ त्यांच्यावर आली होती.

आणि सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' हे नाटक, १९७४. इथे मात्र मामला उलटा. भाऊराव मेलेत, आणि मेल्यावर कीर्तन करतायत, स्वतःच्याच मरणाचं, आणि मुलाला सांगतायत की मला जुन्याच स्मशानात जाळ. बेकेटची माणसं बोलता बोलता वाळत जातात, आपल्याकडे मेलेला माणूससुद्धा अभंग म्हणून दाखवतो. पुण्यातल्या चाळीत शांतता परवडण्यासारखी नसतेच, त्यामुळे मराठी अ‍ॅब्सर्ड गजबजलेलं आहे, सगळे एकदम बोलतायत आणि प्रेत तसंच पडून आहे.

ह्या सगळ्या इतिहासात एक बोच राहून गेली होती, ती अल्जीरियाच्याच एका लेखकानं बोलून दाखवली. काम्यूच्या कादंबरीत जो अरब मरतो त्याला नाव नाही. किनाऱ्यावर त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. खटला त्याच्या खुनाचा, पण कोर्टात त्याच्याविषयी कुणी काही विचारत नाही, त्याच्या घरचं कुणी साक्षीला येत नाही. आपण सगळे म्यूर्सोच्या एकटेपणावर लिहीत बसलो. कामेल दाऊदची कादंबरी २०१३ मध्ये अल्जीरियात आणि २०१४ मध्ये फ्रान्समध्ये आली, तिच्यात त्या मेलेल्याचा भाऊ हारून, म्हातारा झालेला, ओरानच्या बारमध्ये बसून एका परक्या माणसाला गोष्ट सांगतो. भावाचं नाव मूसा होतं. आईला आयुष्यभर प्रेतही मिळालं नाही, पेपरातल्या बातमीची दोन कात्रणं तेवढी तिनं जपून ठेवली, आणि वाचता येत नसल्यानं मुलाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली, आणि मुलगाही त्यात नसलेलं बरंच काही भर घालून वाचत राहिला. हारून हे सगळं फ्रेंचमध्ये सांगतो, मारणाऱ्याची भाषा मुद्दाम शिकून, आणि समोरचा परका काय विचारतो, काय म्हणतो, त्यातलं एकही वाक्य आपल्याला ऐकू येत नाही.